वऱ्हाडातला ऱ्ह नीट करून देणारं डीटीपीचं दुकान : चार तारे

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. मालकांनीच हात जोडले, म्हणाले ताई, आहे तेच काम उरकत नाही, उगाच नेटवर नाव टाकू नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, एवढं पुरे, बाकी शोधणारा शोधतोच. मग रिव्ह्यू कशाला? तर जुन्या फाँटमधलं मराठी मॅटर युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत) करून देतो म्हणणारे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातलं काम कुणाला येतं नि कोण नुसतं दिसायला बरं करून देतं हे ओळखायची एक परीक्षा मला इथे कळली, ती तुमच्याही उपयोगाची आहे.

काम असं होतं. माझ्या मामांनी अमरावतीकडे गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या आणि वऱ्हाडी म्हणी गोळा केल्या होत्या, २००३ साली स्वखर्चाने पुस्तक काढलं, दोनशेच्या वर पानं, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेलं, कृतीदेव घराण्यातला फाँट. प्रती केव्हाच संपल्या. आता ई-बुक करायचं आमच्या डोक्यात आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कृतीदेवमध्ये लिहिलेलं मराठी हे कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. 'मराठी' असं स्क्रीनवर दिसतं पण आत साठवलेली असतात इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फाँटने फक्त त्या इंग्रजी अक्षरांना म, र, काना, ठ आणि दुसऱ्या वेलांटीचे कपडे घातलेले. फाँट काढला की ईजेकेबीएच उघडं. त्यामुळे नुसता फाँट बदलून भागत नाही, एकेक अक्षर खऱ्या देवनागरी कोडमध्ये न्यावं लागतं, आणि शिवाय क्रमही बदलावा लागतो, कारण तिथे पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. 'धर्म' मधला रफार तिथे म च्या मागे उभा असतो, युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे म च्या आधी यायला हवा.

आधी मी इंटरनेटवरचा एक फुकट कन्व्हर्टर वापरला. बाकी मजकूर बराच ठीक आला पण वऱ्हाड म्हणून काही उरलंच नाही. कुठे 'वहाड', कुठे ह च्या डोक्यावर रफार. कारण सरळ आहे, असले कन्व्हर्टर बहुतेक हिंदीसाठी बनवलेले असतात आणि हिंदीत तो ऱ्य, ऱ्ह मधला आडवा वळलेला अर्धा र वापरतच नाहीत. मामांच्या प्रेसवाल्याने तो आल्ट दाबून चार आकडे मारून कुठल्याशा कोपऱ्यातल्या कोडवरून आणलेला, कन्व्हर्टरला त्या कोडचं काय करायचं ठाऊकच नाही, त्याने तो एकतर गिळला नाहीतर जवळचा म्हणून रफार लावला. मामांना पानं पाठवली तर फोनवर म्हणाले, "माह्या पुस्तकाचं हे काय करून ठेवलं बाप्पा?"

मग घराजवळच्या एका टायपिंगवाल्याला दिलं (तोही बिननावाचाच राहू दे). त्याने पानन् पान बघून सगळे ऱ्ह, ऱ्य दुरुस्त केले, प्रिंट काढली, मामांनी वाचली, चूक नाही. ई-बुक बनवलं, टॅबवरच्या ॲपमध्ये उघडलं आणि सर्चमध्ये 'वऱ्हाड' टाकलं, तर रिझल्ट फक्त प्रस्तावनेतले. अख्ख्या पुस्तकात पानोपानी वऱ्हाड आहे, डोळ्यांना दिसतंय, आणि ॲप म्हणतंय प्रस्तावनेपुढे हा शब्दच नाही. प्रस्तावना तेवढी नवीन होती, मी माझ्या फोनवर टाइप केलेली.

हे कोडं घेऊन मी या दुकानात गेले. आत दोन कॉम्प्युटर, एक काका, एक ऑपरेटर ताई आणि भिंतीला टेकवलेले लग्नपत्रिकांचे नमुने. काकांनी फाइल बघितली, बघितली म्हणजे वाचली नाही, त्यातलं एक 'वऱ्हाड' उचललं आणि त्यांच्या पुतण्याने लिहून दिलेल्या एका छोट्या पायथन प्रोग्राममध्ये टाकलं. मग म्हणाले आता तुमच्या मोबाइलवरून मला वऱ्हाड असं पाठवा. तेही टाकलं. प्रोग्राम काय करतो, तर शब्दातलं एकेक अक्षर सोडवून त्याचा कोड एकाखाली एक छापतो. माझ्या फोनवाल्यात सहा ओळी आल्या, व, मग ०९३१ म्हणजे ऱ, मग ०९४डी म्हणजे पाय मोडण्याची खूण, ह, काना, ड. फाइलमधल्यात सात ओळी, व, मग ०९३० म्हणजे साधा र, पाय मोडण्याची खूण, मग २००डी, मग ह, काना, ड.

तो २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. दिसत नाही, जागा खात नाही, नुसता आजूबाजूच्यांना कसं जोडून घ्यायचं ते सांगतो. व्हॉट्सॲपवर आई-बाबा-मुलगी असा जो एकत्र कुटुंबाचा इमोजी असतो ना, त्यातली माणसं एकमेकांना चिकटवायला हाच असतो मध्ये. इथे त्याचं काम असं की साधा र, पाय मोडलेला, आणि पुढे हा जॉइनर आला तर रफार वर चढवू नको, अर्धा र म्हणून आडवाच ठेव.

तुम्हालाही बघता येईल. हे दोन शब्द घ्या: वऱ्हाड, वर्‍हाड. पहिला फोनवाला, दुसरा फाइलमधला. एक्सेलमध्ये दोन खान्यांत चिकटवून लेन (LEN) हा अक्षरं मोजणारा फॉर्म्युला लावा, पहिल्याला ६ येतील, दुसऱ्याला ७. आता इथे चढवताना ते अदृश्य अक्षर वाटेत गळालं असेल तर दुसऱ्या शब्दात तुम्हाला ह वर रफार दिसत असेल, आणि तसं झालं असेल तर माझा मुद्दा आयताच सिद्ध झाला, कारण काकांचं म्हणणं हेच की हा जॉइनर बेभरवशाचा. कितीतरी सिस्टिम मजकूर 'साफ' करताना असली न दिसणारी अक्षरं काढून टाकतात. ती काढली की उरतं र, पाय मोडणं, ह, आणि त्याचा कॉम्प्युटरच्या नियमाने रफारच होणार. ०९३१ वाल्या ऱ ला हा धोका नाही, ते एक सबंध अक्षर आहे, कुणी सहज पुसत नाही.

"दिसण्यावर जाऊ नका, आत काय भरलंय ते बघा," काका म्हणाले, आणि मग त्यांनी चहा मागवला आणि जो इतिहास सुरू केला तो मी इथे थोडक्यात देते, कारण मला तो भारी वाटला.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. भारतीय लिप्यांची मांडणी त्यांनी आपल्याकडच्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून उचलली. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांसाठी आपलं सरकारी स्टँडर्ड, त्याची पुढची आवृत्ती आयएस १३१९४ म्हणून १९९१ मध्ये आली. इस्कीची कल्पना अशी होती की सगळ्या लिप्यांचा साचा एकच, देवनागरीत क ज्या क्रमांकाच्या जागेवर तिथेच तमिळचा क, तिथेच मल्याळमचा. युनिकोडने प्रत्येक लिपीला १२८ घरांचा ब्लॉक दिला, देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ, पण आतली रांग तीच ठेवली. आता दक्षिणेकडच्या भाषांत साध्या र शिवाय आणखी एक वेगळा र आहे, तमिळमध्ये तो ०बीबी१ वर, मल्याळममध्ये ०डी३१ वर. रांग जुळवायची म्हणून देवनागरीतही त्याच्यासमोरचं घर, ०९३१, त्या दाक्षिणात्य र चं देवनागरी रूप म्हणून राखलं गेलं, र खाली टिंब असं. म्हणजे हे अक्षर मुळात तमिळ-मल्याळम शब्द देवनागरीत लिहिता यावेत म्हणून. पण त्याचा पाय मोडला की जे अर्धं रूप होतं ते आपल्या ऱ्य, ऱ्ह मधल्या र ला देऊन टाकलं. तर आपला शेतकऱ्यातला ऱ्य हा गेली तीसेक वर्षं एका तमिळ अक्षराच्या घरात भाडेकरू आहे, आणि घरमालक देवनागरीत स्वतः फारसा फिरकतच नाही. युनिकोडच्या पुस्तकात या अर्ध्या र ला आयलॅश रा म्हणतात, मराठीत आणि नेपाळमधल्या नेवारीत वापरतात अशी नोंदही आहे.

मग जॉइनरवाली पद्धत कुठून आली? ती युनिकोडच्या २.० आवृत्तीतली, १९९६ ची. पुढे नियमांच्या यादीत दोन्ही राहिल्या, ०९३१ वाली मूळ इस्कीला धरून, आणि जॉइनरवाली जुन्याशी जुळावं म्हणून. नेपाळीत ती जॉइनरवाली अजून भरपूर चालते. कुणी हटवली नाही, हटवताही येत नाही कारण एकदा दिलेला कोड मागे घ्यायचा नाही असाच युनिकोडचा बाणा. त्यामुळे झालंय काय की एकाच दिसण्याला दोन स्पेलिंगं अधिकृत. तिसरंही एक आहे, साधा र आणि त्याला वेगळा नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, पण ते निदान ०९३१ च्या बरोबरीचं मानायचं असा नियम आहे, नॉर्मलाइज नावाची क्रिया केली की एकाचं दुसरं होतं. जॉइनरवाल्याला ती सवलत नाही. कॉम्प्युटर शेवटी बाइट बघतो. ०९३१ म्हणजे फाइलमध्ये ई०, ए४, बी१ असे तीन बाइट, साधा र म्हणजे ई०, ए४, बी०, मग त्यापुढे जॉइनरचे आणखी तीन. काही प्रोग्राम समजूतदार असतात, शोधताना जॉइनरकडे काणाडोळा करतात, काही अगदी सरळसोट, बाइट जुळले नाहीत की शब्द नाही. आमचं ॲप दुसऱ्या जातीचं निघालं.

आता दुकानाचं खरं कौतुक. मला वाटलं होतं काका म्हणतील चला, फाइंड-रिप्लेस मारू, जॉइनरवाले सगळे ०९३१ करू, संपलं. ते त्यांनी केलंच असतं, पण आधी विचारलं, मूळ सीडी आहे का? पेजमेकरची? मी म्हटलं अहो ते सगळं आता वर्डमध्ये आलंय, दुरुस्तही झालंय. तर म्हणाले टायपिंगवाल्याने डोळ्यांनी दुरुस्त केलंय, त्याला जिथे चूक वाटली तिथेच. 'वऱ्हाड' चुकलेलं कुणालाही दिसतं. पण एखाद्या ओवीत 'दऱ्या' होतं आणि कन्व्हर्टरने 'दर्या' केलं तर? दोन्ही शब्द खरे, डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र, वाचणाऱ्याला संशयच येणार नाही. जुन्या फाँटमध्ये मात्र रफाराचा कोड वेगळा आणि या अर्ध्या र चा वेगळा, म्हणजे मूळ फाइलला पक्कं माहीत आहे कुठे काय होतं. तुमच्या फुकटच्या कन्व्हर्टरने तेवढीच माहिती फेकून दिली, ती वर्डच्या फाइलमधून परत येणं शक्य नाही.

हे ऐकून मी गप्प. अमरावतीहून मामेभावाने सीडी शोधून त्यातल्या फाइली पाठवल्या. काकांनी आपल्या कन्व्हर्जनच्या तक्त्यात त्या कोपऱ्यातल्या कोडसमोर ०९३१ आणि पाय मोडण्याची खूण लिहिली आणि पुस्तक पहिल्यापासून पुन्हा चालवलं. वर ऑपरेटर ताईंनी र्य, र्ह, ऱ्य, ऱ्ह असलेल्या शब्दांची वेगळी यादी काढून छापील प्रतीशी ताडून बघितली. एका ओवीत खरंच 'सोयऱ्या' चं 'सोयर्या' राहिलं होतं आधीच्या फाइलमध्ये, मामांच्या, माझ्या आणि टायपिंगवाल्याच्या नजरेतून सुटलेलं. आता सर्चमध्ये वऱ्हाड टाकलं की धडाधड पानं येतात.

ॲ चं प्रकरणही त्यांनीच काढलं. पुस्तकात जेमतेम चार-दोन ठिकाणी आहे, प्रस्तावनेत 'ॲप' वगैरे, पण तुम्हाला रोज लागेल म्हणून लिहिते. अ वर अर्धचंद्र हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, कोड ०९७२. महाराष्ट्र सरकारने २००९ च्या निर्णयात ते वर्णमालेत घेतलं. त्याआधी लोक काय करायचे, तर अ टाइप करून त्यावर अर्धचंद्राची खूण वेगळी द्यायचे, किंवा हिंदीवाल्यांचा ए वर चंद्र असलेला ऍ वापरायचे. ते सगळं अजून चालू आहे, जुन्या बातम्या, सरकारी पीडीएफ, पाट्या, कुठेही बघा. दोन तुकड्यांनी केलेला ॲ काही ठिकाणी फुटतो, अ वेगळा आणि शेजारी टिंबांच्या रिकाम्या वर्तुळावर चंद्र, हे तुम्ही फोनवर शंभरदा पाहिलं असेल. ती फाँटची चूक नाही, अ वर ती खूण चढवायची नाही असा नियमच आहे म्हणून अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर मुद्दाम वर्तुळ दाखवतं. आणि गंमत म्हणजे इथे नॉर्मलाइज करूनही दोन्ही एक होत नाहीत. काकांकडे याचाही तयार तक्ता आहे, न सांगता लावतात.

ल आणि श चं मात्र उलट. तिथे कोड एकच, दिसणं दोन. ई-बुकमध्ये पहिल्यांदा हिंदी वळणाचा ल आणि श आले, मामांना मराठी वळणाचेच ल आणि श हवे. मला वाटलं आता फाँट विकत घ्या. तर काकांनी ई-बुकच्या फाइलमध्ये भाषेच्या जागी हिंदी लिहिलेलं होतं ते मराठी केलं, फाँटमध्ये मराठी रूपं आधीच भरलेली होती, फाँटने आपणहून वळण बदललं. एवढंच.

आता पाचवा तारा का कापला. प्रूफ आलं तेव्हा ऱ्ह सगळे जागेवर, पण ओव्यांमधलं 'म्हनते' चं 'म्हणते' झालेलं, 'पानी' चं 'पाणी', 'कोन' चं 'कोण'. ताईंनी शुद्धलेखन तपासणी मारली होती आणि सवयीने सगळं स्वीकारलं. अहो पुस्तक वऱ्हाडी बोलीचं आहे, तो न हाच तर त्यातला जीव! कोडपर्यंत जाऊन एका अर्ध्या र साठी जीव टाकणाऱ्या दुकानात बोलीतला न प्रमाण करून ठेवावा हे मला झेपलं नाही. मी बोलले जरा जोरात. काकांनी वाद घातला नाही, मूळ फाइल पुन्हा चालवून दिली, पैसे घेतले नाहीत, पण त्यात वेळ गेला तो गेलाच. ताई म्हणाल्या सॉरी हो, दिवसभर पत्रिका आणि प्रोजेक्ट रिपोर्ट करते, न दिसला की हात आपोआप ण करतो. पटण्यासारखं आहे, तरी तारा कापला.

बाकी छोट्या गोष्टी. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, संध्याकाळी उत्तर येतं. जिना अरुंद आणि अंधारा आहे, वयस्कर माणसाला नेऊ नका. मुखपृष्ठ त्यांच्याकडून करून घेऊ नका, सूर्यास्त आणि बैलगाडी लावून देतील. पानाला ३५ रुपये घेतले, त्यात ताडून बघणं धरलेलं, साधं कन्व्हर्जन गल्लीत याहून स्वस्त मिळतं हे खरंय पण मी आधी स्वस्तातलंच केलं होतं आणि ते सगळं पुन्हा करावं लागलं.

तुम्ही कुठल्याही दुकानात जा, याच दुकानात जा असं नाही, काम द्यायच्या आधी 'शेतकऱ्यांच्या' असा एक शब्द त्यांच्याकडून टाइप करून घ्या, आपल्या फोनवर मागवा आणि आपण स्वतः टाइप केलेल्या शब्दाशी लेन लावून जुळवून बघा. जुळला नाही तर विचारा का नाही जुळला. "दिसतंय ना बरोबर, मग?" असं उत्तर आलं तर पेनड्राइव्ह खिशात घालून खाली उतरा. आणि घरात जुनी पेजमेकरची सीडी असेल तर आत्ताच तिच्यातल्या फाइली काढून दोन ठिकाणी ठेवा, बरोबर फाँटची फाइलही ठेवा, आमच्या सीडीचे शेवटचे दोन धडे वाचताच आले नाहीत आणि ते छापील प्रतीवरून ताईंना नव्याने टाइप करावे लागले, त्याचे पानाला वेगळे पैसे पडले.